आधी अळी मोजा, मग फवारणीचं बोला : पुण्यातल्या सोसायटीसाठी डेंग्यूविरोधी पाहणीची पद्धत

पाऊस ओसरायला लागला की पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो : फॉगिंग कधी होणार? मग धूर होतो, कमिटी फोटो टाकते, आणि दहा-बारा दिवसांनी आणखी एका विंगमध्ये कोणी तरी तापाने आडवं होतं. ह्यात नवल काहीच नाही. धूर त्या घटकेला उडणाऱ्या डासांना मारतो. पाण्यातली अळी, कोष (अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था) आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी ह्यांचं त्याने काही बिघडत नाही.

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका ह्या तिन्हींचा मुख्य वाहक एकच, एडिस इजिप्ती नावाचा डास. हा डास नदीकाठच्या घाणीत वाढत नाही. तो वाढतो आपल्या घरातल्या, गच्चीवरच्या, पार्किंगमधल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि साधारण शंभर-दोनशे मीटरच्या टापूतच आयुष्य काढतो. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या आवारातच जन्मलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की सगळी भांडी सारखे डास देत नाहीत. बऱ्याच ठिकाणच्या पाहण्यांत दिसलंय की थोड्याच भांड्यांतून बहुतांश डास निघतात. ती थोडी भांडी कोणती, हे शोधायला नजर, टॉर्च आणि वही पुरते.

पुणेकरांना ह्या कामाची परंपरा घरचीच आहे. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) ह्यांनी मिळून १९५२ मध्ये इथे व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. सरकारी प्रयोगशाळांमध्ये डेंग्यू-चिकुनगुनियाच्या निदानासाठी वापरले जाणारे एलायझा किट हीच संस्था तयार करून देशभर पुरवते. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. जून २०२४ मध्ये शहरात एरंडवणे आणि मुंढव्यात झिका दिसला, तेव्हा गरोदर बायकांच्या घरच्यांची झोप उडाली होती, कारण गरोदरपणात झिका झाला तर गर्भाला इजा होऊ शकते. संशोधन दाराशी आहे, पण तुमच्या फ्रिजमागचा ट्रे तपासायला कोणी शास्त्रज्ञ येणार नाही.

पहिली पायरी : माणसं आणि सामान

दोन-दोन जणांच्या जोड्या करा. जोडीत एक बाई असली तर दारं लवकर उघडतात. साठ-ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीला तीन जोड्या पुरतात, आणि रविवारी सकाळी नऊला सुरुवात केली तर जेवायच्या वेळेआधी काम आटोपतं. कॉलेजातल्या मुलांना जरूर घ्या. टाकीच्या शिडीवर चढायला ती तयार असतात आणि मोबाइलवर नोंदीही भरभर करतात.

सामान असं : चांगला टॉर्च, पांढरा प्लास्टिकचा वाडगा, चहाची गाळणी, औषधाचा मोठा ड्रॉपर, झाकणाची पारदर्शक छोटी बाटली, घासायचा ब्रश, वही. वाडगा पांढराच हवा. स्टीलच्या वाटीत अळी नजरेतून सुटते.

वहीत रकाने आखा : विंग व फ्लॅट, भांड्याचा प्रकार, पाणी आहे का, अळी आहे का, कोष किती, काय केलं. रहिवाशाचं नाव लिहू नका. नावं आली की भांडणं आली.

दुसरी पायरी : दार उघडून घेणं

तांत्रिक भाग सोपा आहे, खरी कसोटी इथे आहे. दोन दिवस आधी ग्रुपवर निरोप टाका. मजकूर साधा असू द्या : "रविवारी सकाळी ९ ते १२ ह्या वेळेत सोसायटीतलेच दोघे जण घरातलं साठवलेलं पाणी, कुंड्या आणि फ्रिजचा ट्रे बघायला येतील. दहा मिनिटं लागतील. कोणाच्याही घरात अळी सापडली तरी फ्लॅट नंबर जाहीर होणार नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. घरात अळी निघणं म्हणजे गृहिणीच्या स्वच्छतेवर ठपका, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात एडिसला स्वच्छ पाणीच आवडतं, आणि हौसेने बाग करणाऱ्यांच्या, पाणी जपून वापरणाऱ्यांच्या घरीच तो जास्त सापडतो.

दारातला संवाद बहुतेक ठिकाणी असाच होतो. "काकू, मनी प्लांटची बाटली जरा बघू का?" "अरे, रोज पाणी बदलते मी!" काकूंचं खरं असतं, पण पुरेसं नसतं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात, आणि नवं पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात. म्हणून वाद न घालता काकूंसमोरच बाटली आतून ब्रशने घासून दाखवा. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच घासतात.

बंद फ्लॅट सोडू नका. मालक परदेशात, किल्ली भावाकडे, असे दोन-चार फ्लॅट प्रत्येक सोसायटीत असतात. तिथे न वापरलेल्या संडासाच्या भांड्यात आणि फ्लशच्या टाकीत पाणी महिनोन्‌महिने साठून असतं. किल्लीवाल्याला आठवड्यातून एकदा फ्लश ओढायला सांगा, किंवा भांड्यावर प्लास्टिक घट्ट चिकटवून टाका.

तिसरी पायरी : नेमकं कुठे बघायचं

घरात शिरल्यावर क्रम ठरवून घ्या आणि तो मोडू नका, नाहीतर गप्पांच्या नादात अर्धं घर राहून जातं. आधी बाल्कनी, मग स्वयंपाकघर, शेवटी न्हाणीघर.

बाल्कनीत कुंड्यांखालच्या थाळ्या, तुळशीखालचं ताट, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी ठेवलेलं आणि नंतर विसरलेलं मातीचं भांडं, वळचणीला पडलेला एअर कूलर. कूलरचं पाणी काढून टाकलेलं असलं तरी आतलं गवताचं पॅड ओलं आणि टाकीचा तळ ओलसर असतो. बोट फिरवून बघा.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागचा ट्रे. डीफ्रॉस्टचं पाणी ह्यात उतरतं, आणि फ्रिज घेतल्यापासून हा ट्रे कधी पाहिलाच नाही अशी घरं भरपूर. फ्रिज ओढताना घरातल्या पुरुषाला बोलवा, वायर खेचली जाऊ देऊ नका. ट्रेमध्ये उजेड पाडल्याबरोबर काही तरी वळवळत तळाकडे गेलं, तर तीच अळी.

न्हाणीघरात आणि मागच्या बाल्कनीत पिंपं आणि बादल्या. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की बुधवारी रात्री घरोघर सगळं भरून ठेवतात, आणि शुक्रवारी पाणी आल्यावर ते पिंप तसंच पडून राहतं. पेठांतल्या जुन्या वाड्यांत सामाईक हौद असतो, त्याच्या कडेची शेवाळलेली रेघ मुद्दाम बघा.

घरं झाली की सामाईक जागा. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं घट्ट बसतात का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का. टाकी स्वतः स्वच्छ असते, पण झाकणाच्या वरच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साठतं, आणि तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. लिफ्टचा खड्डा लिफ्टवाल्या मेकॅनिककडूनच उघडून घ्या, स्वतः उतरू नका. पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं उभ्या गाडीवरच्या ताडपत्रीच्या घडीत पाणी धरतं. जुने टायर, रंगाचे रिकामे डबे, नूतनीकरणात काढून कंपाउंडला टेकवलेलं कमोड, नारळाच्या करवंट्या. गणेशोत्सवात आवारात विसर्जनासाठी ठेवलेला हौद अनंत चतुर्दशीनंतर रिकामा झाला का, हेही बघा.

चौथी पायरी : अळी ओळखणं

पाण्यावर टॉर्चचा झोत तिरपा पाडा. हाताची सावली पडली की एडिसची अळी नागमोडी वळवळत खाली बुडी मारते आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येते. वर आली की शेपटाकडची आखूड नळी पृष्ठभागाला लावून तिरकी, डोकं खाली करून लटकते. मलेरियाच्या अॅनॉफेलिसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. क्युलेक्सची अळीही तिरकी लटकते, पण तिची नळी लांब असते आणि ती बहुतेक घाण पाण्यात, गटारात सापडते. सुरुवातीला गोंधळ होईल. संशय आला तर ड्रॉपरने अळी बाटलीत घ्या, झाकण घट्ट लावा आणि मनपाच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या कीटक प्रतिबंधक विभागाच्या माणसाला दाखवा. ती माणसं एका नजरेत सांगतात.

अळीपेक्षा कोषाकडे जास्त लक्ष द्या. कोष स्वल्पविरामासारखा दिसतो, डोक्याकडे फुगीर आणि शेपूट वळलेलं. तो काही खात नाही, आणि साधारण दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. एखाद्या पिंपात शंभर बारीक अळ्या असतील, पण अन्न कमी पडून त्यातल्या बऱ्याच मरतात. कोषापर्यंत पोचलेली मात्र डास होणार असंच धरून चाला. म्हणून वहीत कोषांचा आकडा लिहायचा. पाणी गाळणीतून वाडग्यात ओतलं की मोजणं अवघड जात नाही.

पाचवी पायरी : तिथल्या तिथे काय करायचं

ओतून देण्याजोगं सगळं ओता, पण गटारात किंवा मोरीत नको. कोरड्या मातीवर किंवा उन्हात तापलेल्या फरशीवर ओतलं की अळ्या मरतात. मग भांडं आतून, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या वर, खरखरीत ब्रशने घासा. लागत नसलेलं भांडं पालथं घाला किंवा भंगारात द्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला आरोग्य खातं सांगतं ते ह्यासाठीच : अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, सात दिवसांनी एकदा साखळी तोडली की पुरे.

पिण्या-वापरण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण नसेल तर सुती किंवा नायलॉनचं बारीक कापड इलास्टिकने आवळून बांधा. नुसतं वर पसरलेलं कापड मध्ये झोळ पडून पाण्यात बुडतं आणि त्यावरच अंडी पडतात.

काढताच येत नाही असं पाणी, उदाहरणार्थ बागेतलं छोटं तळं किंवा अग्निशमनाची उघडी टाकी, असेल तिथे गप्पी मासे उत्तम. मनपाकडून ते मिळू शकतात. मात्र हे मासे ओढ्यात किंवा तलावात सोडू नका, तिथल्या मूळ माशांना आणि बेडकांच्या पिल्लांना ते त्रासदायक ठरतात. टेमिफॉस हे अळीनाशक लिटरला १ मिलिग्रॅम इतक्याच प्रमाणात वापरायचं असतं. १ टक्क्याच्या दाण्यांचं गणित १० लिटरला १ ग्रॅम असं येतं. हे काम मनपाच्या कर्मचाऱ्यांकडून करून घेतलेलं बरं. बीटीआय हे जिवाणूपासून बनलेलं अळीनाशक अळीने खावं लागतं, म्हणून कोषावर त्याचा उपयोग नाही. आणि काही लोक टाकीत रॉकेल नाहीतर फिनाइल ओतायचा सल्ला देतात, त्यांना टाकीच्या शिडीजवळही फिरकू देऊ नका.

सहावी पायरी : आकडे काढणं

कीटकशास्त्रज्ञ तीन निर्देशांक वापरतात. घर निर्देशांक म्हणजे तपासलेल्या शंभर घरांमागे अळी असलेली घरं. भांडे निर्देशांक म्हणजे पाणी असलेल्या शंभर भांड्यांमागे अळी असलेली भांडी. ब्रेटो निर्देशांक म्हणजे शंभर घरांमागे अळी असलेली भांडी. समजा सोसायटीत ८० फ्लॅट, त्यातले ६४ उघडले, ८ घरांत अळी निघाली. घर निर्देशांक ८ भागिले ६४, म्हणजे १२.५ टक्के. भागाकार ८० ने केलात तर १० येईल आणि उगाच बरं वाटेल. न उघडलेल्या घरांबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं, त्यांना शुद्ध धरायचा हक्क नाही. ह्याच ६४ घरांत पाण्याची १६० भांडी आणि त्यातल्या १२ मध्ये अळी असेल तर भांडे निर्देशांक ७.५ आणि ब्रेटो १८.७५.

परंपरेने घर निर्देशांक १ च्या खाली किंवा ब्रेटो ५ च्या खाली असेल तर प्रसाराचा धोका कमी मानतात. एका सोसायटीच्या छोट्या आकड्यांवर हे उंबरठे काटेकोर लावू नका. तुमच्यासाठी मोलाची आहे ती आठवड्यागणिक चढ-उतार आणि कोषांची विभागणी. १२ भांड्यांत मिळून ५० कोष निघाले आणि त्यातले ४१ गच्चीवरच्या दोन पिंपांतून, तर पुढच्या रविवारी सगळ्यात आधी कुठे जायचं हे सांगायला लागत नाही. ग्रुपवर हाच आकडा टाका, फ्लॅट नंबर न देता. "गच्चीवरच्या दोन पिंपांतून ४१ कोष" ह्या वाक्याने जे होतं ते "कृपया स्वच्छता पाळा" ह्याने होत नाही.

सातवी पायरी : अंड्यांचा सापळा

ही हौशी मंडळींसाठी. काळा रंग दिलेला अर्ध्या लिटरचा डबा घ्या, दोन तृतीयांश उंचीवर ओव्हरफ्लोसाठी भोक पाडा, आतून पाण्याच्या रेषेच्या जरा वरपर्यंत खरखरीत कागद किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी उभी लावा. सावलीत, जमिनीलगत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. विंगेला दोन सापळे पुरतात. पाचव्या-सहाव्या दिवशी काडी बाहेर काढून भिंगाखाली बघा : अंडी मिलिमीटरपेक्षा लहान, काळी, लांबट आणि रेषेच्या आसपास विखुरलेली. एडिसची मादी एका वेळची अंडी एकाच भांड्यात न घालता चार ठिकाणी वाटून घालते, म्हणून प्रत्येक सापळ्यात थोडीथोडीच दिसतील. घरात अळी सापडली नाही तरी अंडी मिळाली, तर मादी आवारात फिरते आहे.

काडीवर उकळतं पाणी ओता, डबा घासा, नवं पाणी भरा. सापळ्याला आठवड्यापेक्षा जास्त हात लावला नाही तर तो सापळा राहत नाही, डासांचा कारखाना होतो. दर आठवड्याला बघणारा माणूस नसेल तर हा उद्योग करूच नका.

कधी जास्त जोर लावायचा

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी पुण्याच्याच डेंग्यूवर अभ्यास केला, तो जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २७ अंशांच्या वरचं तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मध्यम, मोसमभर सारखा विखुरलेला पाऊस असला की डेंग्यू वाढतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर मुसळधार झाली तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि रुग्ण कमी होतात. अशा हवामानावरून दोन महिने आधी अंदाज देता येईल, असंही त्यांनी दाखवलं आहे.

त्यावरून सोसायटीचं वेळापत्रक असं : मे महिन्यात एकदा सगळी रिकामी भांडी घासून काढा, कारण मागच्या मोसमातली अंडी कोरडी होऊन वाट बघत असतात. जूनपासून दर रविवारी पाहणी. मुसळधार थांबून उघडीप आणि रिमझिम सुरू झाली की त्या आठवड्याची पाहणी अजिबात चुकवू नका. नोव्हेंबर संपेपर्यंत ही पाहणी बंद करू नका, डिसेंबरपासून पंधरवड्यातून एकदा पुरे.

आठवी पायरी : रुग्ण निघालाच तर

ताप आल्यापासूनचे पहिले चार-पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीआधी जास्त. एका रुग्णाकडून विषाणू घेतलेला डास आठ-बारा दिवसांनी पुढे पसरवायला लागतो. त्याच दिवशी रुग्णाच्या घराभोवती शंभर मीटरमध्ये पाहणी करा, रविवारची वाट बघू नका. फॉगिंगचा खरा उपयोग इथेच : संसर्ग झालेले डास मारण्यासाठी, घरातही फवारणी करून. कपाटात, पलंगाखाली, लटकवलेल्या कपड्यांत बसलेल्या डासाला रस्त्यावरचा धूर लागत नाही.

तपासणीची वेळ महत्त्वाची. एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम अँटिबॉडीची (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांची) पाचव्या दिवसानंतर. झटपट चाचणीच्या कार्डवर एनएस-१ निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. अॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बऱ्याच जणांना वाटतं ताप उतरला म्हणजे सुटलो. डेंग्यूमध्ये धोक्याचे दिवस नेमके ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, गळून जाणं किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, ह्यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका, हॉस्पिटल गाठा. प्लेटलेटच्या आकड्यावर सगळं घर नजर लावून बसतं, पण रक्त घट्ट होतंय का, म्हणजे हिमॅटोक्रिट चढतंय का, हे डॉक्टरांना तितकंच महत्त्वाचं असतं. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवायचा आग्रह धरू नका. पपईच्या पानांच्या रसावर भरवसा ठेवून उपचार लांबवू नका.

घरात गरोदर बाई असेल आणि परिसरात झिका असेल तर ताप, पुरळ किंवा डोळे लाल झाल्यावर लगेच तिच्या डॉक्टरांना सांगा. झिकाच्या बहुसंख्य रुग्णांना काहीच लक्षणं नसतात, आणि तो लैंगिक संबंधातूनही पसरतो, म्हणून नवऱ्यालाही ही खबरदारी लागू आहे.

लशीची चौकशी सगळेच करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक ह्यांनी देशी डेंग्यू लशीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या सुरू केल्या, त्यात दहा हजारांवर स्वयंसेवक घ्यायचं ठरलं होतं. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया जिवाणू असलेले डास (ह्या जिवाणूमुळे डासात विषाणू नीट वाढत नाही) सोडून केलेल्या प्रयोगात डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी घटलं, आणि आयसीएमआरच्या पुदुच्चेरीच्या संस्थेनेही तसे डास प्रयोगशाळेत वाढवले आहेत.

कंपाउंडच्या बाहेर

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी आणि उघडे हौद हे तुमच्या विंगेतल्या डासांचं मूळ असू शकतं. आधी साइटच्या इंजिनिअरशी गोडीत बोला, बरेचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर मनपाच्या पीएमसी केअर ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा. डासांची पैदास आढळली तर मनपा बांधकामाला आणि सोसायटीलाही नोटीस देते, दंडही करते, तेव्हा आधी स्वतःचं आवार साफ हवं. तक्रारीत "डास फार झालेत" एवढंच लिहू नका. जागा, तारीख, अळी स्पष्ट दिसणारा फोटो आणि कुठल्या भांड्यात वा खड्ड्यात ती होती हे लिहा, तक्रार क्रमांक वहीत उतरवा, आणि सात दिवसांनी त्याच जागेचा दुसरा फोटो जोडून पुन्हा पाठवा.